खोउथोउ: नऊ वेळा डोकं टेकायचं, पण एका दमात नाही

माझं सासर तैवानचं, त्यामुळे पूर्वजांपुढे आणि घरातल्या अंत्यविधींना मी कितीतरी वेळा खोउथोउ, म्हणजे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायचा चिनी नमस्कार, केला आहे. 'खोउ' म्हणजे ठोकणं, 'थोउ' म्हणजे डोकं. 'आपला साष्टांग नमस्कारच तो' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. इथे पालथं पडायचं नसतं.

गुडघे टेका, तळवे पुढे जमिनीवर ठेवा, कपाळ टेकवा. आवाज करायची गरज नाही.

खरी परीक्षा मोठ्या विधीत असते: तीनदा गुडघे टेकायचे आणि नऊदा डोकं. बरेच जण एकदाच बसतात आणि नऊ वेळा वाकून मोकळे होतात. ते चूक आहे. एकदा गुडघे टेकले की तीनदा डोकं टेकायचं, मग पूर्ण उभं राहायचं. असं तीन वेळा. दर वेळी डोकं उचलल्यावर पाठ सरळ होते, गुडघे मात्र जागचे हलत नाहीत. मी इथेच अडले होते. आजेसासूबाईंच्या अंत्यविधीत पहिल्यांदा डोकं टेकलं आणि लगेच उठून उभी राहिले. माझं पाहून मागची दोन लहान मुलंही उठली. तेव्हापासून मी मनात मोजतच नाही, विधीचे टप्पे पुकारणाऱ्याकडे कान ठेवते. तो पहिला, दुसरा, तिसरा असं पुकारतो आणि मग 'छी' म्हणतो, म्हणजे उठा. 'छी' ऐकू येईपर्यंत उठायचं नाही. उठतानाही हातांनी जमीन रेटू नका; आधी एक पाय पुढे घ्या, मग उभं राहा.

आणि लाज वाटू देऊ नका. ही लाज इंग्रजीतून आली आहे. 1793 मध्ये ब्रिटिश राजदूत मॅकार्टनीने चीनच्या छ्येनलुंग बादशहापुढे हे करायला नकार दिला. 1816 मध्ये पुढचा ब्रिटिश राजदूत ॲम्हर्स्टही अडून बसला आणि भेट न होताच परतला. याच शब्दाचं इंग्रजी रूप 'काउटाउ', आणि तिथे त्याचा अर्थ लाचारी, पुढेपुढे करणं. घरातल्या म्हाताऱ्या माणसापुढे वाकण्यात लाचारी कुठून आली?

भाषांतर करणाऱ्यांना एक सांगते. साहेबापुढे कुणी 'काउटाउ' करत असेल तर सरळ 'लोटांगण घालतो' लिहा. या शब्दालाही भक्ती आणि लाचारी असे दोन्ही अर्थ आहेत. विधीबद्दल लिहिताना मात्र खोउथोउच लिहा.