शेंगेन व्हिसासाठी अर्ज करताना

शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे आपसातील सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटातील, २९ देशांना अल्प मुदतीचा एकच व्हिसा चालत असला, तरी त्यासाठीचा अर्ज सोयीच्या वाटेल त्या वकिलातीकडे करता येत नाही, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम आहे किंवा प्रवासाचे मुख्य काम आहे, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम समसमान असेल, तर ज्या देशातून या क्षेत्रात प्रथम प्रवेश होणार त्याच्याकडे. पॅरिसला चार रात्री, स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेनला तीन आणि रोमला चार असा बेत असून विमान पॅरिसला उतरणार असेल, तर अर्ज फ्रान्सकडे जाईल. रोमचा मुक्काम दोन दिवसांनी वाढवला, की तोच अर्ज इटलीकडे करावा लागेल. म्हणून अपॉइंटमेंट घेण्यापूर्वी कोणती रात्र कुठे, हे तारीखवार लिहून काढावे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून स्वीकारला जातो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी द्यावा लागतो. मात्र निर्णयालाच एरवी १५ दिवस आणि अधिक चौकशी निघाल्यास ४५ दिवसांपर्यंत वेळ लागू शकत असल्याने, शेवटच्या मुदतीवर विसंबणे हा निव्वळ जुगार आहे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे. प्रौढांसाठीचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही.

कागदपत्रांची थप्पी किती जाड आहे, यापेक्षा ती एकमेकांशी जुळतात का, हे अधिक महत्त्वाचे ठरते. रजेचे पत्र १२ तारखेपर्यंतचे आणि परतीचे तिकीट १४ चे, किंवा विमा एक दिवस आधीच संपणारा, अशा विसंगती अधिकाऱ्याच्या नजरेतून सहसा सुटत नाहीत. खात्यात अर्जाच्या तोंडावर अचानक मोठी रक्कम जमा झालेली दिसत असेल, तर ती कुठून आली याचा पुरावा सोबत जोडावा.

मध्येच लंडन किंवा डब्लिनला जाऊन पुन्हा पॅरिसला यायचे असेल, तर अर्जातच एकाहून अधिक प्रवेशांची मागणी करावी, कारण ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत आणि एकदा बाहेर पडल्यावर एकेरी प्रवेशाचा व्हिसा संपतो.

पासपोर्ट हाती आल्यावर त्यातील व्हिसाच्या स्टिकरवरील नाव, प्रवेशांची संख्या आणि मुक्कामाचे दिवस तिथल्या तिथे तपासावेत. वैधतेच्या दोन तारखांमधले अंतर ३० दिवसांचे आणि मुक्कामाच्या रकान्यात १५ असेल, तर राहता येते १५ दिवसच, आणि त्यात पोहोचण्याचा व निघण्याचा दिवसही मोजला जातो. दीर्घ वैधतेच्या व्हिसावरही कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. ही मोजणी मुक्कामाच्या प्रत्येक दिवसापासून मागे जाऊन केली जाते, त्यामुळे आधीच्या सहलीचे दिवसही त्यात धरावे लागतात.