डिजिटल पियानोसाठी नोटेशनचं पुस्तक आणि साथीची डिस्क घेताना या चुका टाळा

पुस्तकावर ‘डिस्कसह’ असं छापलेलं असलं, तरी ती डिस्क आपल्या पियानोवर चालेलच असं नाही. गाणी आवडली की पुस्तक घेतलं जातं, आणि पियानोचं मॅन्युअल उघडलं जातं ते डिस्क चालत नाही तेव्हा. खरं तर मॅन्युअल आधी बघायचं.

पहिली चूक म्हणजे ऑडिओ सीडी आणि मिडी फाइल एकच समजणं. सीडीत तयार रेकॉर्डिंग असतं, त्यातला फक्त डावा हात काही बंद करता येत नाही. मिडी फाइलमध्ये मुळात आवाजच नसतो. कोणता सूर, कधी, किती जोरात वाजवायचा एवढ्याच सूचना असतात. त्यामुळे लय निम्मी केली तरी सूर उतरत नाही, आणि एक हात बंद करून तो आपण वाजवू शकतो. शिकणाऱ्याने डोळे झाकून मिडी घ्यावी. सीडी गाणं बसल्यावर.

मिडी घेतली तरी ती ‘फॉरमॅट ०’ (सगळं एकाच ट्रॅकवर) आहे की ‘फॉरमॅट १’ (वेगवेगळ्या ट्रॅकवर), ते विचारा. काही जुने पियानो फक्त ० वाचतात. फाइल दिसत नसेल किंवा उघडत नसेल, तर संगणकावरच्या सीक्वेन्सरमधून (मिडी फाइल उघडून बदलायच्या सॉफ्टवेअरमधून) ती फॉरमॅट ० मध्ये सेव्ह करून बघा. फ्लॉपीवाला पियानो असेल तर क्षमताही बघा: ७२० केबीच्या फ्लॉपीला एका कोपऱ्यात भोक असतं, १.४४ एमबीच्या फ्लॉपीला दोन कोपऱ्यांत. फक्त ७२० वाचणाऱ्या ड्राइव्हला दुसरी चालत नाही. विकतची फ्लॉपी संगणकात घातल्यावर ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं, तर ‘नाही’च म्हणा. कॉपी-संरक्षण असलेल्या डिस्कच्या बाबतीत असं होतं. ‘हो’ म्हटलंत तर गाणी गेली.

फाइल चालते, पण साथीत मधेच पियानोचे खालचे सूर वेडेवाकडे ठणठणतात? ते ड्रम आहेत. मिडी फाइलमध्ये एकेका वाद्याच्या सूचना वेगळ्या नंबरच्या चॅनलवर असतात. कोणत्या नंबरला कोणतं वाद्य हे ठरवणाऱ्या १९९१च्या जनरल मिडी मानकानुसार तालवाद्यं १० नंबरच्या चॅनलवर असतात. ज्या पियानोत मोजकेच आवाज आहेत आणि जनरल मिडी नाही, तो हा ताल पियानोच्याच आवाजात वाजवू शकतो. चॅनल १० बंद करा, सुटलात. पूर्ण वाद्यवृंदाची डिस्क अशा पियानोसाठी घेण्यात मात्र अर्थ नाही.

उजवा हात बंद केल्यावर भलतंच वाद्य गप्प झालं, तर डिस्क खराब नाही. बऱ्याच डिस्कमध्ये उजवा हात चॅनल १ वर आणि डावा २ वर असतो, काहींत ४ आणि ३ वर. पियानोच्या सेटिंगमध्ये चॅनल बदलता येतो का, ते बघा.

सगळ्यात जास्त डोकेदुखी पुस्तक आणि डिस्क वेगवेगळी घेतल्यावर होते. सोपी आवृत्ती सी मेजर पट्टीत, डिस्क मूळच्या ई फ्लॅटमध्ये, आणि गाणं तेच! पहिला कॉर्ड डिस्कबरोबर दाबून बघितला तरी हे कळतं. ट्रान्सपोज करताना, म्हणजे पट्टी बदलताना, फक्त गाणं किंवा फक्त कीबोर्ड हलवा. दोन्ही एकदम हलवले तर फरक तसाच राहतो.

बारच्या (नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधल्या भागाच्या) आकड्यांचं आणखी वेगळंच. समजा, पहिले ८ बार पुन्हा वाजवायचे आहेत. पुस्तकात त्यानंतर बार ९ येतो. डिस्क मात्र मोजत राहते आणि पडद्यावर १७ दाखवते. सुरुवातीला दोन बार मोजून दिलेले असतील, तर १९. ठरावीक तुकडा फिरवून सराव करणारा इथे हमखास चुकतो. पेन्सिलीने डिस्कचे आकडे पुस्तकात प्रत्येक ओळीच्या डोक्यावर लिहून ठेवा.

साथ सुरू असताना पेडल दाबल्यावर सूर मधेच तुटत असतील, तर पियानोची पॉलिफनी, म्हणजे एका वेळी वाजू शकणाऱ्या सुरांची संख्या, अपुरी पडतेय. ३२ सुरांच्या जुन्या वाद्यांत हे होतंच. साथीतली एकदोन वाद्यं बंद केली की बरंचसं निभावतं.