पिल्लाची सहमालकी: करारावर सही करण्यापूर्वी

प्रदर्शनाच्या तोडीचे कुत्र्याचे पिल्लू, विशेषतः मादी, काही ब्रीडर (जातिवंत कुत्र्यांची पैदास करणारे) पूर्ण मालकीने देत नाहीत. पिल्लू खरेदीदाराच्या घरी वाढते, पण केनेल क्लबच्या, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदणीत मालक म्हणून दोघांचीही नावे राहतात. वंश पुढे न्यायचा असला, तरी प्रत्येक चांगली मादी स्वतःजवळ ठेवणे ब्रीडरला शक्य नसते. खरेदीदाराला मात्र एरवी न मिळणारे पिल्लू, कधी थोड्या कमी किमतीत, आणि जाणकाराचे मार्गदर्शन मिळते. व्यवस्था वाईट नाही, पण ती तोंडी ठरवू नये.

सहमालकी खरोखर हवी आहे का, हे आधी तपासावे. पिल्लापासून पुढे वाटेल तशी पैदास होऊ नये एवढीच ब्रीडरची चिंता असेल, तर त्याच्या संततीची नोंदणी होणार नाही अशी अट नोंदणीतच घालण्याची सोय अनेक केनेल क्लबांत असते. पुढे एखादे पिल्लू परत हवे असेल, तर तेवढ्याच कलमाचा करार करून मालकी एकाच नावावर ठेवता येते. माझ्या मते बहुतेक घरगुती खरेदीदारांना हे दोन मार्ग पुरेसे आहेत.

तरीही सहमालकी ठरली, तर सर्वांत जास्त वेळ पैदाशीच्या कलमांना द्यावा, कारण वाद तिथेच होतात. किती वेत घ्यायचे, नर कोण निवडणार, मादी कोणाच्या घरी विणार आणि पिल्लांच्या विक्रीचे पैसे कसे वाटायचे, हे स्पष्ट लिहावे. ‘पहिल्या वेतातले एक पिल्लू ब्रीडरचे’ हे वाक्य वरवर पुरेसे वाटते. पण एकच पिल्लू जगले, सगळे नरच निघाले किंवा मादी गाभणच राहिली नाही, तर काय करायचे याचे उत्तर त्यात नसते. गर्भावस्था साधारण ६३ दिवसांची असते आणि त्यानंतर पिल्ले किमान ८ आठवडे घरात राहतात, म्हणजे एका वेतामागे घराचे सुमारे चार महिने जातात, हे नोकरी करणाऱ्या खरेदीदाराने सही करण्यापूर्वी मोजावे. मीलनाची योग्य वेळ ठरवणारी प्रोजेस्टेरॉनची चाचणी, मीलनातून पसरू शकणाऱ्या ब्रुसेलोसिस या संसर्गाची चाचणी, नराचे शुल्क आणि गरज पडल्यास सिझेरियन यांचा खर्च कोणी सोसायचा, तेही त्याच कलमात यावे.

वयाची अट आरोग्य चाचण्यांशी जुळते का, तेही पाहावे. अमेरिकेतील ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था खुब्याच्या सांध्याचा अंतिम दाखला कुत्रा २४ महिन्यांचा झाल्याशिवाय देत नाही. तोच दाखला मागणाऱ्या करारात ‘दोन वर्षांच्या आत पहिले वेत’ अशी अट असेल, तर दोन्ही गोष्टी एकत्र पाळता येणार नाहीत. चाचणीत दोष आढळल्यास पैदाशीची अट आपोआप रद्द होईल आणि मालकी पूर्णपणे खरेदीदाराकडे जाईल, असे लिहून घ्यावे.

उपचारांचा निर्णय ज्याच्या घरी कुत्री राहते त्याचा, हे निःसंदिग्ध असावे. नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा आजार, म्हणजे पायोमेट्रा, जीवघेणा असतो आणि त्यावर बहुधा गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रियाच करावी लागते. अशा वेळी पुढचे वेत बुडणार म्हणून सहमालकाची संमती मिळेपर्यंत थांबणे परवडत नाही. कुत्री कोणाला चावल्यास होणाऱ्या भरपाईचा भार कोणावर, हेही नमूद करावे, कारण कायद्याने सहमालकही अडकू शकतो.

सहमालकी कधी संपते, हे कलम अनेक करारांत नसतेच. ठरलेले वेत झाल्यावर, किंवा कुत्री ठरावीक वयाची होईपर्यंत ते न झाल्यास, किती दिवसांत ब्रीडरने हस्तांतर अर्जावर सही करायची, हे लिहावे. एकाचा मृत्यू, घटस्फोट, परदेशी स्थलांतर आणि कुत्री परत घेण्याचा पहिला हक्क यांचीही तरतूद असावी. बऱ्याच केनेल क्लबांना पिल्लांच्या नोंदणीसाठी मादीच्या सर्व मालकांच्या सह्या लागतात, त्यामुळे बोलचाल बंद झालेला सहमालक जन्मलेल्या पिल्लांची कागदपत्रेही अडवू शकतो.

सही करण्यापूर्वी त्या ब्रीडरबरोबर सहमालकी केलेल्या एखाद्या जुन्या खरेदीदाराशी बोलावे आणि करार संपताना कागद वेळेवर मिळाले का, एवढे नक्की विचारावे. ब्रीडर अटी लिहून देण्यास तयार नसेल, तर पिल्लू कितीही देखणे असले तरी दुसरीकडे शोधावे.