बर्नआउट झालाय? बँकेत बसून मी केलेल्या या चुका टाळा

बँकेत 22 वर्षं झाली. दोन-तीन महिन्यांनी एखादा नवा ऑफिसर डबा न उघडताच समोर बसतो आणि म्हणतो, "सर, दोन रविवार नुसता झोपलो, तरी बरं वाटत नाही." दोन रविवार! पाच वर्षांचं साठलेलं दोन रविवारी उतरायला ते काय लग्नघरातलं जागरण आहे?

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त थकवा मोजत बसणं. मार्च एंडिंगला रात्री अकराला शटर ओढणारा माणूस थकणारच. एप्रिलमध्ये तो सावरतो. बर्नआउटच्या खुणा तीन. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्या आयसीडी-11 या आपल्या आरोग्यविषयक वर्गीकरणाच्या यादीत नोंदवल्या: अंगातलं त्राण संपणं, कामाचा तिटकारा येणं किंवा त्यातून मन उठणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. संघटना याला आजार म्हणत नाही, कामातून उद्भवलेली अवस्था म्हणते. आपण पहिल्या खुणेची वाट बघतो. माझ्याकडे दुसरी आधी आली.

नोव्हेंबर होता, हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग. एका आजोबांचा अंगठा मशीनवर उमटेना; राबून रेषाच झिजल्या होत्या. तीनदा झालं. चौथ्यांदा मी म्हणालो, "आजोबा, पुढच्या वर्षी चालणारा अंगठा घेऊन या." रांगेत कुणीतरी हसलं. आजोबाही ओशाळून हसले आणि अंगठा सदऱ्याला पुसत राहिले. मला काहीच वाटलं नाही. रात्री घरी किस्सा म्हणून सांगितला, तर बायको पोळी लाटायची थांबली. बोलली काहीच नाही.

तेव्हापासून खिशातल्या डायरीत रोज संध्याकाळी एक ओळ लिहितो: आज कुणावर खेकसलो. 'पासबुकवाल्या बाई', 'शिपाई', एवढंच. आठवड्यात तीन नोंदी झाल्या की रजेचा अर्ज टाकतो. यात शास्त्र काही नाही, मला जमतं म्हणून करतो.

आता रजा. तीही मी चुकीचीच घेतली होती. चार दिवस गुहागरला गेलो. पहिल्या दिवशी शाखेतून बारा फोन आले. दुसऱ्या दिवशी एकही आला नाही, तर सुरूच्या बनात रेंज नाही म्हणून मीच रस्त्यावर येऊन उभा राहिलो. लेकीने केलेला वाळूचा किल्ला भरतीत गेला तेव्हा मी एका एनपीए, म्हणजे थकलेल्या कर्जाच्या, खात्याबद्दल तावातावाने बोलत होतो. परत आलो तो जास्तच चिडका होऊन.

अक्कल आली ती रिझर्व्ह बँकेमुळे. संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांनी वर्षातून एकदा सलग किमान 10 कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर जायचं, आणि तेवढे दिवस ऑफिसचा ईमेल सोडला तर कामाच्या कुठल्याही यंत्रणेला हात लावायचा नाही, असा नियम आहे. हेतू अफरातफर उघडकीला यावी हा. आमच्या मनःशांतीची काळजी कुणाला! पण एका वर्षी त्या यादीत माझं नाव आलं. पहिले चार दिवस घरातल्यांचं डोकं खाल्लं. पाचव्या दिवशी दुपारी गाढ झोप लागली. सहाव्या दिवशी मेथी निवडताना मी गुणगुणत होतो म्हणे. तुमच्याकडे असा नियम नसेल तर स्वतःच करा: चार्ज लेखी द्या, ग्रुप म्यूट करा, आणि तुकड्यातुकड्यांनी नव्हे, सलग जा.

चहा वाढवू नका. अंगातलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळचा कप रात्री जागाच असतो. पहाटे साडेचारला उठवणारे व्हिडिओ तर बंदच करा. राजीनामा मार्चमध्ये लिहा हवं तर, पण द्यायचा की नाही ते मेमध्ये वाचून ठरवा. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासून घ्या. आमच्या एका सहकाऱ्याचा बर्नआउट शेवटी थायरॉइड निघाला.

रजेतही, आवडत्या माणसांतही कशात गोडी वाटेना, जगणं नकोसं होऊ लागलं, तर माझी डायरी उपयोगाची नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो.

आणखी एक: काय जाळतंय ते न बघता बदली मागणं. क्रिस्टिना मॅस्लॅक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, याच विषयात हयात घालवलेल्या. कामाच्या बोजाबरोबरच हातात नसलेले निर्णय, न मिळणारी दाद, सहकाऱ्यांशी बिघडलेले संबंध, अन्याय आणि मनाला न पटणारं काम हीसुद्धा कारणं त्यांनी मांडली आहेत. मला वाटायचं, गर्दी जाळतेय. तसं नव्हतं. पीककर्जाला आलेल्या माणसाच्या गळ्यात विमा पॉलिसी मारणं मला जाळत होतं, आणि तो टार्गेटचा तक्ता कुठल्याही शाखेत माझ्याआधी पोचला असता. शेवटी साहेबांना म्हणालो, "वसुली कितीही द्या, उन्हातान्हात फिरतो, पण पॉलिसी दुसऱ्या कुणाला द्या." साहेबांनी आठवडाभर तोंड वाकडं केलं, मग दिली.

तरी सावरायला सात-आठ महिने गेले. डायरीत गेल्या आठवड्यात दोन नोंदी आहेत. त्यातला एक रीजनल ऑफिसचा माणूस, तो मी धरत नाही.