मुलांच्या संधिवातावर थीसिस घेताय? आजार कधी सुरू झाला ते आईला विचारा

मिरजेत बालरोगात एमडी करताना मी जेआयए (मुलांमधला दीर्घकाळ चालणारा संधिवात) हा विषय घेतला, तेव्हा सीनियर म्हणाले, "केसेस मिळणार नाहीत, ॲनिमिया घे." केसेस मिळतात. त्या 'ऱ्हुमॅटिक' (म्हणजे ऱ्हुमॅटिक फिव्हर, स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या घशातल्या संसर्गानंतर येणारा सांध्यांचा आणि हृदयाचा आजार) अशा शिक्क्याखाली दडलेल्या असतात. रक्तात एएसओ (स्ट्रेप्टोकोकसविरुद्धची अँटिबॉडी) वाढलेला दिसला की दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू, असं मी बऱ्याच कागदांवर पाहिलं. एएसओवरून फक्त स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होऊन गेल्याचं कळतं. ऱ्हुमॅटिक फिव्हरमध्ये दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात सरकतं आणि ॲस्पिरिनने लवकर निवतं. एकच गुडघा 6 आठवड्यांवर सुजलेला राहिला, तर थांबा आणि मूल पुन्हा नीट तपासा.

व्याख्या तुम्हाला पाठ असेलच. मला जिथे फटका बसला, ते सविस्तर सांगते.

माझ्या प्रोफॉर्मात (प्रत्येक केसची माहिती भरायच्या फॉर्ममध्ये) 'आजार कधीपासून' असा रकाना होता. तो मी केस पेपरवरून भरायचे. सहा महिन्यांचा मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या केसेसचा एकत्र तक्ता, असाच तयार झाला. मग जतकडची एक आई तिसऱ्यांदा फॉलोअपला आली. तिच्या मुलीच्या पहिल्या भेटीच्या पेपरवर 'दीड महिन्यापासून सूज' असं होतं. मी सहज विचारलं, त्याआधी पोरगी बरी होती ना? ती म्हणाली, "बरीच की ताई. फक्त बेंदरापासनं सकाळी उठली की कडेवर घे म्हणायची. दुपारी पळायची." बेंदूर हा बैलांचा सण पावसाळ्याच्या सुरुवातीला येतो, आणि पहिली भेट संक्रांतीनंतरची. दीड महिना नव्हे, सहा महिने होऊन गेले होते.

हा फक्त तारखेचा घोळ नव्हता. आयलार या आंतरराष्ट्रीय संधिवात संघटनेच्या वर्गीकरणात पहिल्या 6 महिन्यांत किती सांधे धरले, यावर प्रकार ठरतो: चारपर्यंत ऑलिगो, पाच किंवा जास्त असतील तर पॉली. या मुलीचा पहिले सहा महिने एकच गुडघा होता, मनगटं आणि घोटे नंतर आले. म्हणजे तो पसरलेला ऑलिगो, आणि माझ्या चार्टमध्ये पॉली. डोळ्यांची तपासणी किती दिवसांनी करायची, तेही सुरुवातीचं वय, एएनए (रक्तातली एक अँटिबॉडी) आणि आजाराला झालेला काळ यांवर ठरतं. लहान वयात सुरू झालेल्या, एएनए पॉझिटिव्ह ऑलिगोत डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि आत युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतली सूज) चालू असतो. म्हणून दर 3 महिन्यांनी स्लिट लॅम्प या यंत्राने डोळे तपासायचे. तारीख चुकली की हे सगळंच चुकतं.

मी त्या रात्री खूप रडले. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक घरी फोन लावला. 'किती महिने' विचारायचं सोडलं. बेंदूर, गणपती, दिवाळी, गावची यात्रा, ऊस तुटायच्या आधी की नंतर, असं विचारत गेले. 'सांधे कडक होतात का' याला सगळे नाही म्हणतात. 'सकाळी संडासला उकिडवं बसता येतं का, दुपारी येतं का' असं विचारा. बायांना ते सगळं लख्ख आठवतं, आपण विचारत नाही.

तयार मास्टर चार्ट विकत मिळतो. घेऊ नका. ती चोरी आहे, आणि त्यावर उद्या कुणाच्या तरी लेकराचा उपचार ठरू शकतो. गाईड निवडताना नाव बघू नका. ओपीडीत तुमच्या शेजारी बसून गुडघ्याला हात लावणारा माणूस शोधा. माझ्या गाईडनी चार्ट एकदाही उघडला नव्हता, ते मला अजून सलतं.

घाबरूनही जाऊ नका. एथिक्स कमिटीचं काम अवघड नाही: 7 वर्षांपुढच्या मुलाची तोंडी संमती, 12 पुढे लेखी, आणि पालकांची सही दोन्हीकडे. विषय थकवतो, पण मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या औषधावर काही महिन्यांनी तेच मूल जिना पळत चढतं, तेव्हा रात्रपाळी विसरायला होते. ही गोळी आठवड्यातून एकदाच, हे मात्र कागदावर वाराच्या नावासकट लिहून द्या. 'सोमवारी' असं. रोज घेतली तर जिवावर बेतते.

आणि दोन मोबाईल नंबर घ्या, एक आजोळचा. ऊसतोडीला गेलेल्या घरांचा पहिला नंबर दिवाळीनंतर लागत नाही. त्या जतच्या मुलीच्या डोळ्यांची पुढची तारीख मला तिच्या मामाकडूनच कळवता आली.