हॅवलॉकच्या बोटीत बसताय? या चुका टाळा

अंदमानच्या पहिल्या खेपेला सासूबाईंची काळजी घेण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यांना ताम्हिणी घाटातसुद्धा गाडी लागते. मला कधीच नाही, अशी माझी फुशारकी. हॅवलॉकच्या धक्क्यावर उतरले तेव्हा माझ्या हातात दोन भरलेल्या पिशव्या होत्या, आणि सासूबाई माझी पाठ चोळत होत्या.

पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) जाणाऱ्या खासगी वेगवान बोटींना दीड ते दोन तास लागतात. हिवाळ्यातल्या शांत सकाळी हा प्रवास झुळकीसारखा होतो. वारा असला की अर्धी केबिन पिशवीत तोंड घालून बसते. त्यात बरेच जण असे असतात, ज्यांचा त्रास आदल्या रात्रीच टाळता आला असता.

"मला गाडी लागत नाही, मला काय होतंय!"

गाडी लागणं आणि बोट लागणं ही भावंडं खरी, पण जुळी नव्हेत. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो, आपण वर-खाली होतोय. डोळ्यांसमोर मात्र केबिनची भिंत आणि पुढच्या खुर्चीची पाठ, दोन्ही स्थिर. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. पोटाला सगळ्यात वाईट असतो तो साधारण पाच सेकंदांना एक असा संथ झोका. लाटांवर आपटून बोट धडधडते तेव्हा भीती वाटते, पण ओकारी आणतो तो त्यामागचा हा झोका. रस्त्यावरच्या गाडीत असा झोका फारसा मिळतच नाही. म्हणून घाट सहज पचवलेल्या माणसालाही बोट लागू शकते.

बोट वेगवान आहे म्हणजे त्रास कमी, हेही अर्धंच खरं. वेळ वाचतो, हे नक्की. या बोटी बहुतेक कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांच्या असतात. त्या एका बाजूला फारशा कलत नाहीत. पण लाट तिरकी आली की एक कोपरा वर, समोरचा खाली, अशा चाळणी फिरवल्यासारख्या हलतात.

गोळी बोटीत बसल्यावर घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि मी तीच केली. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं. गोळी तिथेच पडून राहते, नाहीतर उलटीबरोबर बाहेर येते. तोंडाला पाणी सुटायला लागलं, जांभया येऊ लागल्या, कपाळावर गार घाम आला, की गोळीची वेळ टळलेली असते.

आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली ॲव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन, निघण्याआधी एक ते दोन तास घ्यायची असते. सिनारिझिनच्या गोळ्याही साधारण दोन तास आधी. सकाळी साडेसहाची बोट असेल तर हा हिशोब पहाटे साडेचारचा होतो, म्हणून गोळी आणि पाणी उशाशीच ठेवा.

दुसरी चूक चुकीच्या गोळीची. "उलटीची गोळी द्या" म्हटलं की दुकानदार ओंडान्सेट्रॉन किंवा डोमपेरिडोन देतो. पोट बिघडल्यावरच्या उलटीला त्यांचा उपयोग होतो. बोट लागू नये म्हणून मात्र त्या जवळजवळ कुचकामी. मला नेमकी हीच गोळी मिळाली होती. दुकानात "प्रवासात लागतं त्याची" असं स्पष्ट सांगा.

या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, गरोदरपण, किंवा आधीच झोपेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन द्यायचं नाही. तसंही त्या वयाच्या बाळांना सहसा बोट लागत नाही. खरे गिऱ्हाईक पुढचे, बारा वर्षांपर्यंतची मुलं. त्यांचा डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, मोठ्यांची अर्धी गोळी मोडून नव्हे.

आलेपाकाबद्दल विचाराल, तर आल्याने काहींना खरोखर बरं वाटतं आणि अपाय काही नाही. गोळीच्या जोडीला चघळा, गोळीऐवजी नको. आवळासुपारीचंही तेच. सासूबाईंनी मात्र दोन्ही घेतलं होतं, शिवाय पहाटे ॲव्होमिनही.

जास्त पैसे देऊन जास्त हलणारी जागा घेणं

वरच्या मजल्यावरची महागडी श्रेणी, मऊ खुर्च्या, किंवा अगदी पुढची मोठ्या काचेजवळची रांग. फोटोला उत्तम, पोटाला वाईट. बोटीत जितकं उंच आणि जितकं टोकाकडे जाल तितका झोका मोठा. खालच्या मजल्यावर, मधल्या रांगांपासून थोडं मागे, शक्यतो बोटीच्या मध्यरेषेजवळची जागा निवडा. तिकीट काढतानाच आसनांचा नकाशा दिसत असेल तर तेव्हाच ठरवून टाका. खिडकीतून क्षितिज दिसत असेल तर चांगलंच, पण काच बंद असते आणि खाऱ्या पाण्याने धूसर होते. काही बोटींना उघडा डेक असतो. तुम्हाला बोट हमखास लागत असेल तर अशा बोटीचं तिकीट शोधा. वारं आणि क्षितिज, दोन्ही मिळतात.

उपाशी जाणं, किंवा पुरीभाजी हाणून जाणं

दोन्ही टोकं वाईट, आणि रिकाम्या पोटी नुसता चहा तर सगळ्यात वाईट. तासभर आधी इडली, कोरडा टोस्ट किंवा मऊभात असं हलकं काहीतरी. आदल्या रात्री दारू नको. रात्रभर विमानतळावर जागून त्याच सकाळी हॅवलॉकची बोट पकडायचा बेतही नको. झोप न झालेल्या माणसाला लवकर लागतं.

मोबाइल आणि बाथरूम

मुलांना गप्प बसवायला कार्टून लावून देणं म्हणजे उलटीला आमंत्रण. केबिनमधल्या टीव्हीवरचा सिनेमाही तसाच. पडदा तुमच्याबरोबर हलत असतो, म्हणून डोळ्यांना तो स्थिर वाटतो. क्षितिज दिसत असेल तर तिकडे नजर ठेवा, दिसत नसेल तर डोळे मिटून डोकं खुर्चीला घट्ट टेकवा. कोकणच्या आगबोटीने मुंबईला आलेली माझी आजी सांगायची, डेकवर वळकटी पसरून डोळे मिटून आडवं व्हायचं, मग समुद्राला काय करायचं ते करू दे. शास्त्रही याहून फार वेगळं सांगत नाही.

मळमळलं की बाथरूमकडे धावू नका. तिथे क्षितिज नाही, हवा कोंडलेली, बाहेर रांग, आणि हलत्या बोटीत उभं राहिलं की आणखी ढवळतं. कर्मचारी पिशव्या देतात, त्यातली एक आधीच मागून मांडीवर ठेवा. शेजारचा उलटी करत असेल तर मान वळवा. तो वास आणि तो आवाज संसर्गजन्य असतो. उलटी होऊन गेली की घोटभर पाणी. लगेच गटागटा पिऊ नका. थोडं सावरल्यावर इलेक्ट्रॉल किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी.

बेत आखतानाची चूक

पर्याय असेल तर सकाळची बोट घ्या. दुपारी वारा बहुधा वाढतो. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी समुद्र खवळलेला असतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरातही बंगालच्या उपसागरात वादळं होतात. हवामान बिघडलं की बोटी रद्द होतात. म्हणून हॅवलॉकहून परतण्याचा दिवस आणि घरी जाणारं विमान एकाच दिवशी ठेवू नका. मध्ये एक रात्र पोर्ट ब्लेअरला काढा.

आणि उतरल्यावरची एक गोष्ट. हॅवलॉकला पाय ठेवताच लोक भाड्याची स्कूटर काढतात, नाहीतर दुपारच्या स्कूबाची वेळ गाठायला पळतात. गोळीची गुंगी तेव्हा उतरलेली नसते. त्या दिवशी रिक्षा करा. स्कूबा दुसऱ्या दिवशी ठेवा आणि कोणतीही गोळी घेतली असेल तर ते डायव्हिंगवाल्यांना आधी सांगा. जमीन हलतेय असं संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं तर घाबरू नका. मला रात्री पलंगावरसुद्धा लाटा जाणवत होत्या. सासूबाई शेजारी गाढ झोपल्या होत्या.