स्नेलेन तक्त्यावर मुलांची नजर तपासताना

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचे नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये नजर मोजायचा तक्ता काढला. नाशिकच्या कुठल्याही शाळेच्या व्हरांड्यात तो आजही चोख काम देतो. मापं मात्र पाळायला हवीत.

टेपने बरोबर ६ मीटर मोजून खडूची रेघ मारा, मुलाच्या टाचा रेघेवर. उजेड तक्त्यावर पडावा, मुलाच्या तोंडावर नको. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात एवढी जागा नसेल तर ३ मीटरचा तक्ता घ्या. ६ मीटरच्या तक्त्याची झेरॉक्स असेल तर आधी पट्टी लावा: ६/६ च्या, म्हणजे निरोगी डोळा ६ मीटरवरून वाचतो त्या ओळीतलं अक्षर पावणेनऊ मिलिमीटर उंच, ६/६० चं, म्हणजे निरोगी डोळा ६० मीटरवरून वाचतो ते, साधारण ८७. झेरॉक्समध्ये आकार बदलतो आणि सगळी तपासणी फुकट जाते. अक्षरओळख नसलेल्यांना चार दिशांना वळलेला इंग्रजी ‘E’ दाखवा, दिशा हाताने दाखवू द्या.

डोळा तळहाताच्या खोलगट भागाने झाकायचा. बोटांनी झाकला की पोरं फटीतून बघतात. दाबला तर नंतर त्याच डोळ्याला धूसर दिसतं. डोळे बारीक करू देऊ नका. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ओळ उलटी विचारा, एव्हाना ती पाठ झालेली असते.

६/१२ म्हणजे निरोगी डोळा १२ मीटरवरून वाचतो ते याला ६ मीटरवरून दिसतं. कमी दिसणाऱ्याला काळ्या कार्डातल्या एक मिलिमीटरच्या भोकातून वाचायला लावा. सुधारलं तर बहुधा चष्म्याचा नंबर. नाही सुधारलं तर मोतीबिंदू, डोळ्याच्या पडद्याचा दोष किंवा आळशी डोळा (लहानपणी नजर नीट न घडलेला डोळा) असू शकतो. त्या मुलाला त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा.